आत्मकथन आणि अमानत

आपल्या आयुष्याविषयी लिहावे, आठवणी व अनुभव इतरांसमोर मांडावेत, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. इस्लामने या इच्छेला मज्जाव केलेला नाही. पालनकर्त्याने दिलेल्या नेमतींची वाच्यता करावी, असा आदेश सूरह अद्-दुहामध्ये आहे (93:11). त्याच वेळी परवानगीविना दुसऱ्याच्या घरात शिरू नये (24:27), कोणाचे दोष धुंडाळू नयेत व पाठीमागे निंदा करू नये (49:12), अशीही दिव्य कुरआनची ताकीद आहे. म्हणून लेखणी हाती घेणाऱ्याने आधी एक विचार करावा: जे मी सांगणार आहे, त्यातील माझे किती आणि माझ्याकडे अमानत म्हणून असलेले दुसऱ्याचे किती?

या बाबतीत हजरत काब बिन मालिक (रजि.) यांचे निवेदन मार्गदर्शक आहे. हिजरी सन 9 मध्ये तबूकच्या मोहिमेत ते सामील झाले नाहीत. वृद्धापकाळी, दृष्टी गेल्यानंतर, ही हकिकत त्यांनी आपल्या पुत्राला सांगितली. सहीह बुखारीमध्ये ती विस्ताराने आली आहे. स्वतःविषयी ते काहीच लपवत नाहीत. आपण त्या वेळी पूर्वी कधी नव्हतो इतके सुदृढ व संपन्न होतो, तरीही तयारी उद्यावर ढकलत राहिलो, असे ते स्पष्ट सांगतात. पन्नास दिवसांचा बहिष्कार, एकाकीपण, गस्सानच्या राजाचे आमिष दाखवणारे पत्र व ते भट्टीत जाळणे, सारे त्यात आहे. मात्र तबूकमध्ये ज्याने त्यांच्यावर शेरा मारला, त्याचा उल्लेख ते केवळ 'बनू सलमाचा एक मनुष्य' असा करतात, आणि ज्यांनी त्यांची बाजू घेतली, त्या हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचे नाव आवर्जून घेतात. स्वतःची चूक उघड, टीकाकाराचे नाव झाकलेले आणि उपकारकर्त्याचे नाव ठळक, असा हा आदर्श आहे.

येथे एक शंका येईल. रात्री केलेल्या पापावर अल्लाहने पडदा टाकला असता सकाळी स्वतःच तो पडदा दूर करणाऱ्याची हदीसमध्ये कठोर निर्भर्त्सना आहे. मग हजरत काब (रजि.) यांनी आपली चूक का सांगितली? कारण ती झाकलेली नव्हतीच. सारी मदीना ती जाणत होती आणि त्यांच्या तौबेचा स्वीकार कुरआनातच नमूद झाला होता (9:118). त्यांच्या सांगण्यात बढाई नव्हती. सत्य बोलल्याने आपण तरलो, हा बोध होता. जे पाप केवळ अल्लाहला ठाऊक आहे, त्याची तौबा त्याच्याजवळच करावी. प्रांजळपणाच्या नावाखाली ते छापण्याची गरज नाही.

दुसऱ्याच्या गुपिताचा विषय याहून नाजूक आहे. पती-पत्नीमधील खासगी गोष्टी पसरवणारा कयामतच्या दिवशी अत्यंत वाईट दर्जाच्या लोकांत गणला जाईल, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. अन्य एका हदीसनुसार, बोलताना मनुष्याने इकडेतिकडे वळून पाहिले, तर त्याचे बोलणे अमानत ठरते. 'कोणाला सांगू नका' असे म्हणण्याचीही आवश्यकता नाही. समजा, एखादा भाऊ बहिणीच्या मोडलेल्या संसाराविषयी कळवळ्याने लिहितो. त्याला सहानुभूती मिळेल. पण उद्या तिच्यासाठी स्थळ येईल, तेव्हा ते पान तिच्या आधी त्या घरात पोहोचलेले असेल. मुलाचे आजारपण, आईचा मनोविकार, वडिलांचे कर्ज, यांचेही तसेच आहे. लिहिणारा घरचा असला, म्हणून परवानगीची गरज संपत नाही.

तथापि, पडदा म्हणजे अन्यायाला दिलेले अभय नव्हे. वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद आहे (4:148). पती पुरेसा खर्च देत नाही, अशी तक्रार हजरत हिंद (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही; उपाय सांगितला. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये ज्या सहा प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगणे वैध मानले आहे, त्यांत जुलमाविरुद्ध दाद मागणे हा पहिला आहे. मराठीतही दया पवार यांच्या 'बलुतं' (1978) सारख्या आत्मकथनांमुळे समाजाला आपला अन्याय दिसला. म्हणून सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला 'घरची अब्रू झाक' असे सांगणारे सत्राची शिकवण उलटी करतात. तिने बोलावे, मात्र जेथून न्याय मिळेल तेथे, आणि घडले तितकेच.

तेव्हा लिहून झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. यातील व्यक्तीला हे समोर बसवून वाचून दाखवता येईल का? नाव व ओळखीच्या खुणा काढल्या, तर बोध कमी होतो का? कमी होत नसेल, तर त्या काढाव्यात. आणि हे मी बोधासाठी लिहिले, की कोणाचा हिशेब चुकता करण्यासाठी? उत्तराविषयी मन साशंक असेल, तर कागद काही दिवस तसाच ठेवावा. न छापलेला शब्द उद्या छापता येतो. छापलेला परत घेता येत नाही.

जो आपल्या बंधूचा दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, हे प्रेषितांचे आश्वासन आहे. अल्लाह आपल्या लेखणीला सत्य बोलण्याचे धैर्य आणि अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.