बारावीनंतरचा पहिला बायोडाटा



बारावीचा निकाल लागला की दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे मुले येऊ लागतात. कुणाला शिक्षण सुरू ठेवून अर्धवेळ काम हवे असते, कुणाच्या घरची परिस्थिती अशी असते की काम लगेच धरावेच लागते. हातात झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला एक कागद असतो. नाव बदलले की तोच कागद दुसऱ्या कुणाचाही व्हावा असा. वर इंग्रजीत एक भारदस्त वाक्य, मध्ये गुणांचा तक्ता, खाली "छंद : वाचन, क्रिकेट", आणि अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द, "नाही". या "नाही"विषयी आम्हाला थोडे विस्ताराने लिहायचे आहे.

आम्ही स्वतः 1998 साली बारावी झालो तेव्हा आमच्याही कागदावर हाच शब्द होता. टायपिंगच्या दुकानात पानाचे पैसे मोजून तो बायोडाटा करून घेतला होता आणि एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाच्या हाताखालच्या जागेसाठी दिला होता. त्या गृहस्थांनी कागद पाहून विचारले, "फी कोण भरतं तुझी?" आम्ही म्हणालो, "मीच भरतो, सकाळी पेपर टाकतो." किती वर्षे? तीन. किती घरे? साठ-सत्तर. महिन्याची वसुली कोण करतो? मीच. "मग इथे अनुभव नाही असं का लिहिलंस?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती जागा आम्हाला मिळाली नाही, पण प्रश्न मात्र आजवर लक्षात राहिला. पेपर टाकणे हे काम असते, पण ते कागदावर लिहायचे असते हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्या वस्तीतील मुलांचे असेच होते. ज्या घरात चार पिढ्या कचेरीत गेल्या आहेत तिथे मुलाला काका सांगतो, मामा सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरांतून कागद लिहिणारे पहिले माणूस तुम्हीच असता. म्हणून कागद घेण्यापूर्वी वहीच्या मागच्या पानावर गेल्या तीन वर्षांत आपण काय काय केले ते नुसते लिहून काढावे. त्यासाठी पगार मिळाला की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा.

उदाहरण घेऊ. एक मुलगा सायंकाळी वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहतो. तो लिहितो, "वडिलांना मदत करतो." हे वाक्य खरे आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : "भाजीविक्री, घरचा व्यवसाय. जून 2022 पासून, रोज सायंकाळी 5 ते 9. मालाची खरेदी, रोख व यूपीआय जमेचा रोजचा हिशेब, उधारीची वही." आता वाचणाऱ्याला कळते की हा मुलगा वेळेवर उभा राहतो, पैसे हाताळतो आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. दुकानदाराला, कुरिअरवाल्याला, सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला नेमके हेच हवे असते. एखादी मुलगी शेजारच्या चौथीच्या मुलांचा अभ्यास घेत असेल तर किती मुले, कोणते विषय, किती महिने, हे लिहावे. जयंती उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब ज्याने ठेवला त्याने किती पावती पुस्तके सांभाळली ते लिहावे. कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर दोन वर्षांचे 240 तास आणि सात दिवसांचे शिबिर यांचा स्पष्ट उल्लेख करावा. "एन. एस. एस. केले" एवढ्याने भागत नाही.

मात्र वाढवून लिहू नये. सत्तर घरांची दोनशे केली तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते.

बाकीचा भाग सोपा आहे. कागद एकच पानाचा असावा. वर नाव, मोबाईल क्रमांक, ई-मेल आणि राहण्याचे गाव किंवा उपनगर. ई-मेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा; "रॉयलकिंग" वगैरे मित्रांपुरते ठेवावे. शिक्षण लिहिताना बारावी आधी, दहावी नंतर. एमएस-सीआयटी झाले असेल तर वर्ष, टायपिंग झाले असेल तर भाषा आणि मिनिटाला शब्द किती हे लिहावे. भाषांच्या बाबतीत बोलता येते, वाचता येते, लिहिता येते हे वेगवेगळे नोंदवावे. वरचे ते भारदस्त इंग्रजी वाक्य सरळ काढून टाकावे. आम्ही कला शाखेचे, आमचे इंग्रजीही बेताचेच. म्हणून अनुभवाने सांगतो की ज्या शब्दाचा अर्थ विचारल्यावर सांगता येणार नाही तो शब्द आपल्या कागदावर नसावा. छंदांत "वाचन" लिहिणाऱ्या दहांपैकी सात जणांना शेवटचे वाचलेले पुस्तक आठवत नाही, हा आमचा घरगुती हिशेब आहे. संदर्भासाठी शिक्षकांचे नाव द्यायचे असेल तर आधी त्यांना विचारावे.

आता एक नाजूक गोष्ट. खासगी नोकरीच्या बायोडाटावर धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय हे रकाने कशाला? ते जुन्या नमुन्यातून आलेले आहेत आणि नोकरीशी त्यांचा संबंध नाही. ते गाळावेत. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा एक अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी क्षेत्रातील पदवीधरांच्या जागांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दलित नावांना कमी बोलावणी आली आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. तेव्हा दहा ठिकाणी अर्ज करून उत्तर आले नाही तर सगळा दोष आपल्या कागदाचाच असतो असे समजू नये. कुणी सांगेल, आडनाव बदला. आम्ही तसे सांगणार नाही. शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव, आधारवरचे नाव आणि अर्जावरचे नाव यांत एका अक्षराचाही फरक असला की पुढे बँकेत खाते उघडतानासुद्धा अडचण होते. ती आम्ही रोज पाहतो.

सरकारी जागांचे शास्त्र वेगळे. तिथे बायोडाटा चालत नाही, ठरलेला अर्ज असतो आणि त्यात प्रवर्गाचा रकाना जरूर भरायचा असतो. 1990 साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला, तो हक्क आपला आहे. त्यासाठी जातीचा दाखला आणि जात पडताळणीचे कागद निकालाची वाट न बघता आधीच तयार ठेवावेत. राष्ट्रीयीकृत बँकेतील लिपिकाच्या जागेला पदवी लागते, हे बारावीच्या मुलांना आम्ही लगेच सांगून टाकतो. बारावीवर बसता येईल अशी स्टाफ सिलेक्शनची कंबाइंड हायर सेकंडरी लेव्हल परीक्षा आहे, तिची चौकशी करावी.

आणखी एक, हे मात्र काउंटरवरच्या अनुभवातून. बायोडाटावर आधार क्रमांक, पॅन, बँक खाते क्रमांक यांपैकी काहीही घालू नये. मागे एक मुलगी रडत आली होती. नोकरी लागली असा फोन आला, आधी गणवेशाचे, मग प्रशिक्षणाचे म्हणून पैसे मागितले, आणि आईच्या खात्यातले साडेआठ हजार गेले. पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नसते. केंद्र सरकारचे 2015 साली सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिसचे पोर्टल आहे, तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत.

कागद तयार झाला की तो पीडीएफ करून स्वतःच्या नावाने जतन करावा. मुलाखतीला जाताना दोन छापील प्रती आणि मूळ गुणपत्रिका जवळ असाव्यात. मूळ गुणपत्रिका दाखवावी, पण कुणाकडे ठेवून येऊ नये.

रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही अभ्यासिकेत असतो. ज्यांना दाखवायचा असेल त्यांनी आपला कागद घेऊन यावे. पेन्सिलीने लिहिलेला कच्चा असला तरी चालेल, पण अनुभवाचा रकाना भरून आणावा.