ठिणगीची वेळ

प्रस्तावना
बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी हातातले कौशल्य लागते. परंतु त्याआधी विचारांचा क्रम लागतो. जुन्या ट्रॅक्टरच्या मॅग्नेटोतील दोष कसा शोधला जातो, हे या पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• मॅग्नेटो व इम्पल्स कपलिंग यांचे कार्य सांगता येईल;
• लक्षणावरून कारणापर्यंत जाण्याचा क्रम स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ
अमेरिकेतील आयोवा राज्यात वॉटर्लू येथे जॉन डिअर कंपनीचा ‘मॉडेल ए’ हा दोन सिलिंडरांचा ट्रॅक्टर १९३४ ते १९५२ या काळात तयार होत असे. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांचे इंजिन डाव्या बाजूचे जड फ्लायव्हील हाताने फिरवून सुरू करावे लागे. ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो निर्माण करी. जुनी यंत्रे जपणारे हौशी लोक आजही हे ट्रॅक्टर चालवतात.

मॅग्नेटो म्हणजे एक छोटे जनित्रच. त्यातील चुंबक फिरला की कॉइलमध्ये वीजप्रवाह निर्माण होतो. पॉइंट उघडताच तो प्रवाह खंडित होतो आणि त्याच क्षणी उच्च दाबाची वीज स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडते.

इंधन पेटण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून इंजिन वेगात असताना दट्ट्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. इंजिन सुरू करताना मात्र अशी लवकर पडलेली ठिणगी घातक ठरते. जळणारा वायू दट्ट्याला मागे ढकलतो, फ्लायव्हील उलटा झटका देते आणि फिरवणाऱ्याचा हात मोडू शकतो. हे टाळण्यासाठी इम्पल्स कपलिंग असते. मंद गतीत ते चुंबकाला अडवून धरते व ‘खट्’ आवाज करीत एकदम सोडते. त्यामुळे ठिणगी उशिरा, पण जोरदार पडते. वेग वाढला की त्याचे खटके आपोआप दूर होतात.

इंजिन सुरू होईना, तर प्रथम ठिणगी पडते की नाही हे पाहावे. ‘खट्’ आवाज येत नसेल, तर खटके घट्ट झालेल्या तेलात अडकले असण्याचा संभव असतो; तेथे सफाई हवी, वेळ बदलणे नव्हे. त्यानंतर पॉइंट स्वच्छ करून त्यांतील फट मोजावी. अनेक मॅग्नेटोंत ती सुमारे ०.०१५ इंच असते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात व ठिणगीची वेळ बदलते. म्हणूनच आधी फट व मग वेळ, हा क्रम मोडू नये.

वेळ तपासताना प्लगच्या तारा काढून इंजिनाच्या धातूला जोडाव्यात. नंतर डाव्या सिलिंडरचा प्लग काढून छिद्रावर अंगठा ठेवावा आणि फ्लायव्हील सावकाश फिरवावे. हवेचा दाब जाणवला की दट्ट्या संपीडन आघातात आहे, असे समजावे. हे न पाहिल्यास खूण जुळूनही ठिणगी भलत्याच आघातात पडू शकते. आता फ्लायव्हीलवरील ‘एलएच इम्पल्स’ ही खूण ठरलेल्या जागी येताच ‘खट्’ आवाज आला पाहिजे. थोडा फरक असल्यास मॅग्नेटोचे बोल्ट सैल करून तो किंचित फिरवावा व पुन्हा तपासावे.

ठिणगी लवकर पडल्यास उलटा झटका बसतो व इंजिन ठोकते. उशिरा पडल्यास शक्ती घटते व इंजिन तापते. लक्षण ओळखून एका वेळी एकच गोष्ट बदलणारा कारागीर दोषाच्या मुळाशी पोहोचतो आणि स्वतःचा हातही सुरक्षित राखतो.

शब्दार्थ
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
दट्ट्या – सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकणारा भाग
संपीडन – दाबून आकारमान कमी करणे

पाठगत प्रश्न
१. इंजिन सुरू करताना ठिणगी उशिरा का पडावी लागते?
२. वेळ जुळवण्यापूर्वी पॉइंटमधील फट का तपासावी?

स्वाध्याय
तुमच्या परिचयाच्या एखाद्या यंत्रातील बिघाड शोधण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.