पोरी, टेबल घेण्याआधी

तू कुत्र्यांचं पार्लर काढणार म्हटल्यावर घरातले निम्मे लोक हसले, ते मनाला लावून घेऊ नकोस. कोल्हापुरात हल्ली मालकाची कटिंग लांबते, पण शिट्झूची तारीख चुकत नाही. धंदा बरोबर निवडलास. आता मोबाइलवर बघून ठेवलेलं ते चकाकतं, बटणावर वर-खाली होणारं टेबल जरा बाजूला ठेव आणि मामाचं ऐक. लक्ष्मी टेकडीपाशी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वळलीस की लोखंड कापणारे, जोडणारे, रंगवणारे सगळे तिथंच भेटतात. टेबल तुझ्या मापानं होतं, आणि मोडलं तर दुरुस्तीलाही तिथंच जाता येतं.

१. आधी गिऱ्हाईक बघ, मग टेबल – पाच किलोचं शिट्झू आणि तीस किलोचा लॅब्राडोर एकाच टेबलावर सुखी होत नाहीत, आणि दोघांच्या मधे तूही नाहीस.

२. उंची तुझ्या कोपरावरून ठरव, आणि मोजताना कामावर घालशील तीच चप्पल पायात असू दे – कुत्र्याची पाठ कोपराशी आली की खांदा उचलावा लागत नाही आणि कंबर वाकत नाही.

३. समजा कोपर ४० इंचांवर आलं. शिट्झू खांद्यापाशी साधारण १० इंच, त्याला ३० इंची टेबल. लॅब २२ इंच, त्याला १८ इंची. बाजारातल्या ३० इंची टेबलावर लॅबला चढवलंस तर त्याची पाठ तुझ्या खांद्याला लागेल – मग दुखणं तुझ्या खांद्यात राहायला येतं, आणि ते भाडं देत नाही.

४. दोन टेबलांचे पैसे नसतील तर पाय सरकते करून घे : ३० मिमीच्या चौकोनी पाइपात २५ मिमीचा पाइप, ओळीनं भोकं आणि आरपार बोल्ट. कडेनं आवळायचा आणखी एक बोल्ट हट्टानं मागून घे – आतला पाइप थोडा खेळतोच.

५. छोट्या जातींना ३६ बाय २४ इंच पुरे, मोठ्यांना ४८ बाय २४. त्याहून ऐसपैस नको – फिरायला जागा दिलीस की कुत्रं फिरतंच.

६. सांगाड्याला २५ मिमीचा चौकोनी एमएस पाइप, १६ गेज. छोट्या टेबलाला २० फुटी दोन पाइपांत काम भागतं आणि लोखंड बारा किलोच्या आसपास लागतं – फॅब्रिकेटर किलोवर दर सांगेल, तेव्हा हा आकडा तुझ्या डोक्यात असला की बोलणं लवकर आटोपतं.

७. पायांना खालून चारी बाजूंनी आडवा पाइप हवाच. पैसे वाचवायचे म्हणून तो गाळायला सांगू नकोस – टेबल हललं की कुत्रं हलतं, कुत्रं हललं की कात्री हलते.

८. कागदावर आकृती काढून ने आणि माप मिलिमीटरमध्येही लिही – वेल्डर मिलिमीटरमध्ये बोलतो, सुतार सुतात, आणि भांडण तुझ्या प्लायवर होतं.

९. त्याआधी पार्लरच्या दाराची रुंदी मोज. हसू नकोस, मोज.

१०. महिनाअखेरीला शॉपवर जाऊ नकोस – तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर डिस्पॅच असतो, आणि तुझं एक टेबल कोपऱ्यात पडून राहतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलीस तर चहाही मिळेल.

११. सगळी भोकं, सगळं वेल्डिंग आणि कडा घासणं पावडर कोटिंगच्या आधी उरकून घे – नंतर वेल्डिंग केलं की तिथला रंग जळतो आणि कोल्हापूरचा पाऊस ती जागा बरोबर शोधतो.

१२. गुलाबी रंगासाठी अडून बसू नकोस, त्यांच्याकडे त्या दिवशी जो चालू असेल तो घे – एका टेबलासाठी कुणी गन साफ करून रंग बदलणार असेल, तर त्याचे पैसे तुझ्याच बिलात येतात.

१३. पाइपांची उघडी तोंडं बंद करून घे, पायांना रबरी बूट घाल – आत पाणी आणि केस साठले की गंज आतून येतो, आणि आतला गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

१४. स्टीलच हवं असेल तर ग्रेड बिलावर लिहून घे. चुंबक लावून बघणाऱ्यांचं ऐकू नकोस – २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक धरत नाही, मात्र रोजच्या ओल्यात टिकतं ते ३०४.

१५. वरचं फळकूट १९ मिमीचं, आयएस ७१० शिक्क्याचं प्लाय, आणि त्याच्या चारही कडा सील केलेल्या – प्लाय कडेनंच पाणी पितं.

१६. वर रबरी मॅट पूर्ण चिकटवून घे. कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलपुढं टाकतात तशी बारीक खाचांची मॅट औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळते. घेताना ओली करून हात फिरव – पाय घसरला की कुत्रं घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं पुढच्या वेळी दारातच बसतं.

१७. भंगारातली मॅट किंवा तेलकट पत्रा फुकट मिळाला तरी नको – त्यावर काय सांडलं होतं हे कुणी सांगत नाही, आणि कुत्रं घरी जाऊन पाय चाटतं.

१८. पैसे चुकते करण्याआधी टेबलाच्या एका कोपऱ्यावर सिमेंटचं पोतं ठेवून बघ. ते ५० किलोचं असतं. युरियाचं आता ४५चंच येतं, तेवढीही सूट देऊ नकोस. पोतं मधोमध ठेवून पास करायचं नाही – उडी मारायच्या आधी कुत्रं कडेलाच जातं.

१९. चाकं नकोत – सोय आठवड्यातून एकदा होते, धोका दिवसभर असतो.

२०. लिफ्टचं टेबल धंदा रुळल्यावर घे, आणि तेव्हाही आधी पायानं चालणारं हायड्रॉलिक बघ – वीज गेली तरी ते खाली येतं. दुकानात अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र पहिल्या दिवसापासून हवा. लोखंडी टेबल, ओलं कुत्रं आणि ब्लोअर एका खोलीत आहेत, तेव्हा इथं काटकसर करायची नाही.

२१. आपल्याकडं शेतावर असतात ते कारवान, मुधोळही येतील. मुधोळला २००५ साली टपाल तिकिटावर मान मिळाला, पण नखं कापायची म्हटली की तोही लहान पोरासारखा पाय ओढतो. केस आखूड, पाय लांब – त्याला बुटकं टेबलच बरं.

२२. रोज संध्याकाळी टेबल पुसून कोरडं कर, आठवड्याला सगळे बोल्ट आवळ. फिनेल लांब ठेव – मांजरांना ते बाधतं, आणि आज ना उद्या कुणीतरी मांजर घेऊन येणारच.

२३. बिल पक्कं घे, पाच रुपये वाचवायला कच्च्यावर जाऊ नकोस – मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, आणि बँक कागद बघते, तोंड नाही.

२४. गळ्याच्या दोरीचा खांब टेबलाच्या सांगाड्यालाच पक्का बसवून घे, दोरीला झटकन सुटणारा हुक लाव आणि गळ्यापाशी दोन बोटं सहज जातील एवढी ढील ठेव – ती दोरी कुत्र्याला जागा दाखवायला आहे, धरून ठेवायला नाही.

२५. फोन वाजू दे, दार वाजू दे, गिऱ्हाईक रागावू दे. दोरीत असलेलं कुत्रं टेबलावर एकटं सोडून क्षणभरही जायचं नाही – त्यानं खाली उडी मारली तर त्याच दोरीचा फास होतो. जायचंच असेल तर त्याला आधी खाली उतरव. बाकीच्या चोवीस गोष्टींत तुझं डोकं चालव, माझी हरकत नाही. ही एक तेवढी जशीच्या तशी पाळ.