आधी ओल, मग रंग

चोपड्याच्या जुन्या गावात कितीतरी घरं अजून अर्धी मातीची, अर्धी सिमेंटची आहेत. पुढची बैठक धाब्याची, सागाच्या खांबांवर उभी. मागे नंतर चढवलेला स्लॅब. आमचंही तसंच. असं घर थोडक्या पैशात नटवायला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रंगाच्या दुकानात पाय ठेवण्याआधी भिंतीला हात लावून बघा.

आमच्या बैठकीच्या भिंतीला कमरेइतका लोणा लागला होता. सजावटीचं काम घेणाऱ्याने ओल कुठून येते हे विचारलंच नाही. पीव्हीसी पॅनेल मारले की सगळं झाकलं जाईल, म्हणाला. लाकडी पट्ट्या ठोकून पॅनेल बसले, नणंदेच्या लग्नात घर झगमगलं. पुढचा पावसाळा सरता सरता खोलीत कुबट वास कोंदला. पॅनेल उतरवले तर पट्ट्या उधईने पोखरलेल्या, आणि भिंतीची माती बोट लावताच गळत होती. ४० हजार रुपये गेले. त्याहून जिवाला लागलं ते सासऱ्यांच्या वडिलांनी उभारलेल्या भिंतीचं.

मग गल्लीतल्या जुन्या गवंडीबाबांना बोलावलं. भिंतीवर हात फिरवून ते म्हणाले, “ताई, मातीनी भित शे, तिले सिमेट चालत नही.” जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, बाहेरच्या अंगाला येऊन उडून जातं आणि क्षार तिथेच सोडतं. तो क्षार फुगून रंगाचे पोपडे पाडतो. सिमेंटचा गिलावा, पुट्टी किंवा ऑइल पेंटने ही वाट बंद केली की पाणी आत तुंबतं, नाहीतर आणखी वर चढतं. चुन्याच्या थरातून मात्र ओल निघून जाऊ शकते.

ओल भिंतीची की खोलीतल्या हवेची, हे घरीच कळतं. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला आले तर दोष भिंतीत आहे. आमच्याकडे दर डांबरीकरणात रस्ता उंच होत गेला आणि पाणी जोत्याशी साचू लागलं. पहिला खर्च तिथे केला: नाली मोकळी केली, जोत्याला उतार दिला, धाब्याच्या पन्हाळी दुरुस्त केल्या. पाहुण्यांना यातलं काहीच दिसत नाही. तरी हातातले निम्मे पैसे इथेच घालावेत, असं माझं ठाम मत आहे. मागच्या स्लॅबवर पांढरा चुना मारला तोही याच हिशेबात. पारा पंचेचाळिशीकडे झुकणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात, ऊन परतवणारं छत शोभेच्या फॉल्स सिलिंगपेक्षा कितीतरी मोलाचं.

शोभेचं म्हणाल, तर अडावद, यावल ओलांडून पुढे गेलं की फैजपूर लागतं. तिथे डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी ते नगर बांबूसारख्या गावच्या साध्या वस्तूंनी सजवलं. आपल्याच जिल्ह्यात हे घडलं, याचा मला फार अभिमान वाटतो. हे कळल्यापासून बाजारात बांबूच्या टोपल्या-सुपं घेऊन बसणाऱ्या बायांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. आमच्या दिव्यांवरची झाकणं त्यांच्याच टोपल्यांची आहेत. सोफा घेतला नाही; माळ्यावरची खाट उतरवून नवारीने विणून घेतली आणि वर सासूबाईंची गोधडी घातली. कोनाडे बुजवायला निघालेल्यांना तर मी हात जोडून थांबवते. फुकटात मिळालेलं इतकं देखणं फडताळ कोणी बुजवतं का?

सागाच्या जुन्या दारांवर ऑइल पेंटचे थर असतात. ते उतरवले की खाली सोन्यासारखं लाकूड निघतं, पण इथे जपा. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. कोरडं घासू नका, पाणी मारत पॉलिश पेपर फिरवा, तोंडाला मास्क बांधा, लेकरांना लांब ठेवा. वर जवसाचं तेल लावलंत तर तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा.

चुना लावताना कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवा. आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. तो उकळून उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. फडक्यातून गाळा, डिंकाचं पाणी घाला, भिंत ओली करून पातळ हात मारा. हे काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात भिंत लगेच सुकते आणि चुना धरत नाही, टेकलेल्या पाठीला भुकटी लागते.