काठी कोणत्या हातात?

प्रश्न : सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे, गादी झिजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्या काठी उजव्या हातात धरतात. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, डाव्या हातात धरा. आधार दुखऱ्या बाजूलाच नको का?

उत्तर : काठी डाव्याच हातात हवी. उजवा पाय टेकून डावा उचलला की क्षणभर सगळा भार उजव्या पायावर येतो, पण शरीराचं वजन त्या पायाच्या आतल्या अंगाला, म्हणजे डावीकडे असतं. त्यामुळे गुडघ्याची आतली बाजू जास्त दाबली जाते. बहुतेकांची झीज तिथेच जास्त असते, म्हणून तर पाय धनुष्यासारखे बाकतात. डाव्या हातातली काठी नेमकी त्याच वेळी टेकते आणि अधांतरी राहिलेल्या बाजूला टेकू मिळतो. उजव्या हातातली काठी तिथे पोचतच नाही.

उंचीही तपासा. घरोघरी आजेसासऱ्यांची जुनी काठी पुढे चालवली जाते आणि ती हमखास उंच पडते. रोजच्या चपला घालून ताठ उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

'वंगण संपलंय, आता बसून राहा' हा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नका. कूर्चेला, म्हणजे या गादीला, रक्तवाहिन्या नसतात; सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिचं पोषण होतं. झिजलेली गादी चालून भरून येत नाही, तशी ती तेल चोळूनही येत नाही (चोळून बरं वाटतं, ते खरंच). पण मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, पाच सेकंद धरायचा, सावकाश खाली आणायचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

गुडघा एकाएकी सुजला, गरम लागला, सोबत ताप आला, तर ती नुसती झीज नसेल. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.