बोरू, मेणकापड आणि शिवथरची घळ

प्रश्न : मी पोलादपूरची. रोज एसटीने महाडला कॉलेजात जाते आणि अलीकडे कथा लिहू लागले आहे. नामवंत लेखक मुलाखतींत सांगतात, पहाटेच उठतो, ठरलेलं पेन लागतं, ठरलेली जागा लागते. माझ्याकडे यातलं काहीच नाही. आपल्या भागात पूर्वी लिहिणाऱ्यांच्या सवयी कशा असतील? शिवथरघळीत धबधब्याच्या एवढ्या आवाजात ग्रंथ लिहिला तरी कसा? आणि मी वहीत लिहू की मोबाइलवर?
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरापासून फार लांब नाही. शिवथरघळ महाड तालुक्यातच, वरंध घाटाच्या कुशीत आहे. परंपरा सांगते की समर्थ रामदास इथे दासबोध सांगत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी तो उतरवून घेत. आवाजाचं म्हणाल तर धबधबा खरा कोसळतो तो पावसाळ्यात. इतर महिन्यांत घळीत शेजारी बसलेल्याचं बोलणं नीट ऐकू येतं. शिवाय हे काही एका बैठकीचं काम नव्हतं. दासबोधात 20 दशक, 200 समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. सहाव्या दशकात कलियुगाची 4760 वर्षं झाल्याचा उल्लेख येतो. त्यावरून हिशेब केला तर इसवी सन 1659 निघतं. समर्थांचा जन्म 1608चा, म्हणजे ते तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि पुढचे चौदा दशक अजून उभे होते. पावसाळ्यात हात थांबला असेल तर उघडीप होताच पुन्हा चालला असेल, असं मला वाटतं.

लेखकाच्या सवयींबद्दल मात्र अंदाज बांधायची गरज नाही, कारण समर्थांनी त्यावर अख्खा समासच लिहून ठेवला आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढा. त्याचं नावच लेखनक्रियानिरूपण. त्यात स्फूर्तीचा विषय नाही. आहे तो बोरूचा, शाईचा, कागदाचा. निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत, टाक नाना तऱ्हांनी तोडावेत, हिंगूळ आणि शाई भिजवून-वाळवून साठ्याला ठेवावी. अक्षर वाटोळं, सुटं, काळंभोर हवं. एका ओळीची वेलांटी दुसऱ्या ओळीत घुसू नये. पहिलं अक्षर जसं, तसंच ग्रंथ संपेपर्यंतचं, जणू सगळं एकाच टाकाने लिहिलं आहे.

यातली एक सूचना थेट तुमच्या वयाच्या माणसाला आहे. तरुणपणी डोळे तेज असतात म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही. अक्षर मध्यम ठेवावं. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो, कारण लिहिणारा स्वतःकडे पुढच्या काळातला वाचक म्हणून पाहतो आहे. दुसरी सूचना समासाची, म्हणजे मार्जिनची. पानाच्या चहूकडे जागा सोडावी. कागद कडेने झडला तर झडू दे, अक्षर शाबूत राहिलं पाहिजे. आणि शेवटी पोथीला बासन, मेणकापड, पेटी, वर कुलूप. आपल्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला मेणकापड कशाला हे सांगावं लागत नाही. श्रावणात वह्यांना येणारा कुबट वास आणि पानांवरची पांढरी बुरशी तुमच्या घरातही असेल.

पहाटेचं म्हणाल, तर अकराव्या दशकात दिनक्रमही सांगितला आहे : सकाळी उठून पाठांतर, मग स्नान, थोडा फलाहार, आणि मग सरळ संसाराचा धंदा. एक क्षण रिकामा जाऊ द्यायचा नाही, एवढाच आग्रह. महाड-पोलादपूर एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर तो क्षण तुम्हाला रोज दोनदा मिळतो. आवडीनिवडीबाबत चौदाव्या दशकाचा तिसरा समास वाचा. मनात येईल ते दामटून रचणारा आणि पुष्कळ पाठ करून त्याच वळणाचं रचणारा, असे दोन प्रकारचे कवी तिथे भेटतात. लिहायला लागलेला प्रत्येक जण या दोघांमधून जातोच. समर्थांची पसंती तिसऱ्याला, प्रासादिक कवीला आहे. पण त्याची वाट पाहत हात बांधून बसू नका.

ठरलेली जागा नाही याची खंत करू नका. सावित्री नदीकाठच्या दासगावचे कॉम्रेड आर. बी. मोरे (जन्म 1903, लाडवली) यांना महाडच्या शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या पोराने लेखी दाद मागितली. प्रवेश मिळाला, बसायची जागा मात्र वर्गाबाहेर. हेच मोरे पुढे 1927च्या महाड सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे होते आणि ‘जीवनमार्ग’ साप्ताहिकाचे संपादकही झाले. महाडच्या तरुण लिहिणाऱ्यांत मी त्यांचं नाव सगळ्यात आधी घेईन.

आता लिहिलेलं जपण्याविषयी. तुमच्या पोलादपुरात शिवचरित्रकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे एकदा जरूर जा. त्यांच्या संस्कृत ‘शिवभारता’चा बत्तिसावा अध्याय अर्ध्यावरच थांबलेला आहे. जेवढं उरलं ते पोथी जपून ठेवणाऱ्या हातांमुळे. दासबोधाचंही तसंच : कल्याणस्वामींच्या डोमगाव मठातली प्रत शाबूत होती, म्हणून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रंथ तिच्यावरून छापता आला.

तेव्हा वही की मोबाइल, याचं उत्तर : हाताला जे सोपं जाईल ते. पण प्रत एकच ठेवू नका. जुलै 2021च्या पुरात महाडच्या घराघरांत सावित्रीचं पाणी शिरलं आणि कागदांचा लगदा झाला. मोबाइलवर लिहीत असाल तर कथा पुरी झाली की स्वतःलाच ईमेल करा. वहीत लिहीत असाल तर पानांचे फोटो काढून ठेवा आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते.