शरीराबादची अर्जदस्त

पैठण हे संत एकनाथांचे गाव. सोळाव्या शतकात तेथील सरकारी कागद फारसी शब्दांनी भरलेले असत. वरिष्ठांस लिहावयाच्या विनंतीपत्रास ‘अर्जदस्त’ म्हणत. नाथांनी हुबेहूब त्याच थाटात एक भारूड रचले. त्यातील परगणा कोणता? शरीराबाद! किल्ला कायापुरी, अंमलदार जीव आणि हुजूर प्रत्यक्ष परमेश्वर. जवळच्याच दौलताबादची ये-जा असलेल्या श्रोत्यांना हे नाव ऐकून हसू न आले तरच नवल! पण जिवाची तक्रार खरी आहे. दंभाजी शेटे कचेरीत ठाण मांडून बसतो, क्रोधाजी नायकवाडी धुमाकूळ घालतो, ममताई देशपांडीण सारा परगणा जेरीस आणते. मग सरकारचे काम चालावे कसे? आणि मागाहून तर यमाजीपंतांची तलब यावयाची असते.